ग्रेडरकाकांचा पोछा

चहा पिऊन झाला की काका बशी पालथी करायचे, अंगठा जिभेला लावायचे आणि बशीच्या पाठीवरून जोरात ओढायचे. कच्च असा आवाज आला तर ठीक. नाही आला तर घरच्या बाईकडे बघून म्हणायचे, "बशी बोलत नाही, बाई."

तुमच्या घरी येऊन कोणी असं केलं तर तुम्हाला कसं वाटेल? आम्हालाही तसंच वाटायचं. दुसऱ्याच्या घरची स्वच्छता स्वतःच्या थुंकीने तपासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घाटंजीतल्या आमच्या गल्लीत सतरा घरं आहेत. त्यातल्या चार घरांनी त्यांना चहा विचारणं बंद केलं आणि दोन घरांनी स्टीलचे पेले काढले. माझी बायको जरा मानी. काका फाटकाशी दिसले की ती आधी बशी राखेने घासायला घ्यायची, मग दार उघडायची. म्हणजे काकांना जे हवं होतं तेच ती करत होती, आणि वर म्हणायची, "म्हाताऱ्याची जिरवली."

काका एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाची मूठ उपसायची, चिमटीत धरून ओढायची, धाग्याची लांबी बघायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बोटांना काम उरलं नाही. त्यामुळे ती बोटं आमच्या खिडक्यांच्या गजांवर, पाण्याच्या माठावर आणि एकदा तर माझ्या टकलावर फिरली. "हे मात्र बोलते," असा शेरा मिळाला.

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. टेप आणि चेन यांच्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे काकांनी मला "मोजणीसायब" असं नाव दिलं आणि एका सकाळी परसात बोलावलं. तिथे भिंतीला लागून प्लास्टिकच्या बरण्या, तेलाचे रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्या उभ्या होत्या. मी मोजल्या. त्रेचाळीस. कशात लिंबाच्या साली, कशात संत्र्याच्या, एका डब्यात रिठे भिजलेले, एका पातेल्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, राख काकांच्या जुन्या बनियनमधून गाळून ठेवलेली. बनियन तिथेच दोरीवर वाळत होतं. नंतर ते अंगातही दिसलं.

"फरशीचं औषध बनवून राह्यलो," काका म्हणाले. "प्रमाण तुमी पाहा. माह्या हातानं अंदाजपंचे होते."

प्रमाण सोपं होतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. भांडं काठोकाठ भरायचं नाही, वर चौथा हिस्सा रिकामा सोडायचा. नव्वद दिवस ठेवायचं. आतलं आंबतं, गॅस धरतो, म्हणून पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करायचं. काका याला "बाटल्यांले ढेकर देणं" म्हणायचे. रोज सकाळी सात वाजता परसातून फुस्स फुस्स असे त्रेचाळीस आवाज यायचे. शेजारच्या घरात पाहुणे उतरले असले की त्यांना समजावून सांगावं लागायचं.

मी तराजू आणला, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली आणि माझ्या अक्षरात तारीख घातली. साली बसस्टँडवरच्या रसवंतीतून आणि पोह्याच्या हॉटेलातून यायच्या. पिळून झालेल्या लिंबांची पिशवी घेऊन निघालेले काका बघून एका ओळखीच्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काहून हो, पेन्शन बंद झाली काय त्याईची?"

मलाही वाटायचं की हा एक रिकामा उद्योग आहे. खरं कारण काकूंनी सांगितलं.

काकू म्हणजे त्यांची बायको. उंचीने साडेचार फूट, पण आवाज तालुक्याला पुरेल एवढा. आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. तिथे दर रविवारी सकाळी वंदना होते. पंधरा वर्षं काकू पुढे बसून म्हणायच्या आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून. गेली दोन वर्षं त्या आल्याच नव्हत्या. दमा झाला, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी मी परसात सालींचं वजन करत होतो, काका रिठे कुस्करत होते, आणि काकू दारात बुटक्या स्टुलावर बसून बोलायला लागल्या.

"सोयरीकवाले पोरीले पाहाले येणार होते. बाथरूम चकाचक पाह्यजे म्हणे या बुढ्याले. आमच्या घरी ब्लिचिंगची पावडर होती, अन् अ‍ॅसिड होतं. दोन्ही कडक. मंग एकत्र केले तं डबल कडक, असं डोकं चालवलं. खाली पावडर टाकली, वरून अ‍ॅसिड ओतलं, अन् सोता खराटा आणाले अंगणात गेला."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! कायचा धूर निघून राह्यला म्हणून मी पाहाले गेली. पिवळा पिवळा. एकच श्वास घेतला बाप्पा. यवतमाळले अकरा दिवस दवाखान्यात होती. मले मारून दुसरी आणाचा इचार होता याचा. पण मी कायची मरते!"

त्या हसल्या, आणि हसण्याचा खोकला झाला. मी घड्याळ बघितलं नाही, पण तो दोन मिनिटांहून कमी नसेल. काका उठले आणि बरण्यांपाशी जाऊन एकेक झाकण सैल करायला लागले. सकाळीच सगळी करून झाली होती.

तेव्हापासून घरात अ‍ॅसिड, फिनाईल, उग्र साबण, काहीही आलं की काकूंच्या छातीत कळ यायची. घर काकांनी आपल्या हाताने बदललं होतं. प्रश्न विहाराचा होता. तिथली फरशी दर रविवारी पहाटे फिनाईलने पुसायचे. काकू फाटकापर्यंत जायच्या आणि पदर नाकाला लावून परत यायच्या. नंतर तेही सोडलं.

"त्या फरशीवर तिले बसवाचं हाय," काका म्हणाले. "पुढं. तिच्या जागेवर. बाकी मले काही नाही पाह्यजे."

विहाराच्या कमिटीचे सचिव आमच्याच गल्लीतले, शाळेत शिक्षक. माणूस चांगला, पण त्यांचं म्हणणं ठाम. "काका, वास आला नाही तं लोकायले साफ झालं हे कळन कसं?" हे सांगायला ते काकांच्या घरी आले. नेमके काका-काकू दोघं दोन दिवस राळेगावला लेकीकडे जाऊन त्याच सकाळी परतले होते. दोन दिवस बाटल्यांना कोणी ढेकर दिला नव्हता, आणि महिना मे. सचिव पांढऱ्या शर्टात खाटेवर बसले, "आता हेच पाहा," असं म्हणाले, आणि त्यांच्या मागच्या कोनाड्यातल्या संत्र्याच्या बरणीने हेच पाहिलं. झाकण छताला लागलं. सचिवांच्या पाठीवर गळ्यापासून कमरेपर्यंत केशरी पट्टा उमटला.

काकू म्हणाल्या, "सर, आता तुमाले वास येते का नाही?"

शर्ट रिठ्याच्या पाण्याने काकांनीच धुतला. डाग निघाला. सचिव जरा नरमले. परीक्षा घ्यायची असं ठरलं, आणि मोजणी खात्याचा माणूस म्हणून पंच मी.

मी विहाराची फरशी टेपने मोजली. बत्तीस फूट बाय अठरा. मधोमध खडूने रेघ मारली. डावीकडे सचिवांचं फिनाईल, उजवीकडे काकांचं औषध. निकाल कसा लावायचा, हे काकांनी ठरवलं. त्यांनी शेतातला स्वच्छ सरकी काढलेला कापूस आणला होता. पुसून वाळल्यावर दोन्ही बाजूंना एकेक फुटाचा चौकोन कापसाने घासायचा आणि मग त्या कापसाची प्रत लावायची. पांढरा तो एक नंबर, मळका तो फरदड. फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा डागी कापूस. एकतीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना हा शब्द ऐकवला होता. त्या दिवशी तो त्यांना स्वतःलाच लावावा लागला.

फिनाईलच्या बाजूचा कापूस जरा मळला. काकांच्या बाजूचा कापूस मळला की नाही ते सांगता येत नाही, कारण तो फरशीवरून उचलताच येईना. चिकटला. पंधरा मिनिटांत भिंतीकडून मुंग्यांची एक ओळ आली, मग दुसरी.

"वा, काका," सचिव म्हणाले, "मुंग्या बी वंदनेले आणल्या तुमी."

चूक साधी होती. मी चिठ्ठी बघितली. बरणीला नव्वद नाही, सदतीस दिवस झाले होते. गूळ अजून गूळच होता. त्यात काकांनी घाई केली, पाणी न मिसळता ओतलं. कच्चा कापूस दुरून ओळखणाऱ्या माणसाला कच्ची बरणी ओळखता आली नाही. मी तसं म्हणालो. गुडघ्यावर बसून त्यांनी सगळी उजवी बाजू साध्या पाण्याने तीनदा पुसली. मुंग्यांना मात्र हात लावला नाही. पोछा त्यांच्या कडेकडेने फिरवला आणि त्या जायची वाट बघत बसले.

घरी काकू वाट बघत होत्या. "काय झालं?"

"फरदड," काका म्हणाले.

त्यानंतर त्रेपन्न दिवस वाट बघायची होती. काका वाट बघण्यातले नव्हेत. मधल्या काळात त्यांना खाण्याच्या सोड्याचा शोध लागला. लिंबाच्या पाण्यात सोडा टाकला की फेस फसफसून वर येतो. हा फेस बघून ते लहान मुलासारखे खूश झाले आणि गल्लीभर प्रात्यक्षिकं करत फिरले. मी सांगितलं, "काका, आंबट आणि खारं एकमेकांना मारतात. फेस गेला की मागे जवळजवळ पाणीच उरतं."

"मोजणीसायब, तुमी बांध मोजा."

"दोन्ही एकत्र केलं की दुप्पट होत नाही, एवढंच म्हणतो."

बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सोडा सकाळी आणि लिंबू संध्याकाळी. "दोघायचं पटत नाही," एवढंच त्यांनी कारण दिलं. त्या दिवसानंतर त्यांनी घरात कुठल्याच दोन वस्तू मला विचारल्याशिवाय एकत्र केल्या नाहीत. एकदा विचारायला आले की दुधात हळद चालेल का.

दुसऱ्या परीक्षेला बरणी पूर्ण पिकलेली होती. बादलीभर पाण्याला अर्धा कप, त्यात रिठ्याच्या पाण्याचे दोन चमचे. कापूस घासला. दोन गोळे कागदावर शेजारी ठेवले. सचिवांनी बघितले, मी बघितले. मी खोटं लिहीत नाही. माझ्या नजरेला फिनाईलचा गोळा किंचित जास्त पांढरा होता आणि मी तसं लिहिलं.

"लिहा," काका म्हणाले. "पण आता माह्या बायकोले बोलवा. कापसाची प्रत लावली, आता श्वासाची लावा."

काकू फाटकाशी आल्या. आतून अर्ध्या फरशीचं फिनाईल येतच होतं. त्यांनी पदर नाकाला लावला, दोन पावलं पुढे टाकली आणि खोकत मागे फिरल्या. कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. सचिव स्वतः आत गेले, फिनाईलची बाटली उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. "पुढच्या रविवारी पूर्ण फरशी तुमची, काका. पण पुसाची बी तुमीच."

काकांनी ती त्या दिवसापासून दर रविवारी पुसली. पहाटे पाचला बादली, पोछा आणि गुडघ्याखाली घ्यायला पोत्याचा तुकडा. पुसताना फरशीशी बोलायचे. मी एकदा ऐकलं. एका टाइलला म्हणत होते, "तू कायले रुसून राह्यली? सगळ्यायले सारखंच पाणी देल्लं."

पहिल्या रविवारी काकू दाराच्या आत दोन फुटांवर बसल्या आणि नऊ मिनिटांनी उठल्या. त्याच्या पुढच्या रविवारी तिसऱ्या चटईवर. मी हे सगळं टिपून ठेवत होतो, कारण मला टिपायची खोड आहे. दोन महिन्यांत त्या मूर्तीपासून अकरा फुटांपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. वंदना त्या ओठातल्या ओठात म्हणायच्या. पुढे बसून सचिव म्हणायचे. काकूंच्या जुन्या जागी एक रिकामी चटई असायची आणि तिच्यावर कोणी बसत नसे. काका रोज घरी त्यांना टोचायचे. "तुह्या आवाजाले गंज चढला काय?" काकू म्हणायच्या, "मधातच खोकला आला तं? लोकं वंदना सोडून मलेच पाहातीन." काका म्हणायचे, "तू पुढं बसून म्हणशीन तवा माही परीक्षा पास. तोपर्यंत नापास."

एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या औषधाने सगळं निघत नाही. आमच्याकडचं पाणी जड, संडासात पांढरे-पिवळे थर बसतात. ते लिंबाच्या पाण्याने रात्रभर भिजवून दगडाने घासले तरी पूर्ण जात नाहीत. माझ्या घरी तीन महिने प्रयत्न केल्यावर मी काकांना बोलावून तो डाग दाखवला. तीन इंच बाय दीड. ते वाकून बघत राहिले. अंगठा लावतील की काय अशी मला भीती वाटली.

"राह्यला तं राह्यला," ते म्हणाले. "डाग काही कोणाचा जीव घेत नाही."

तो डाग अजून आहे. माझ्या बायकोने त्याला पायपुसण्याने झाकायचा प्रयत्न केला, पण संडासात पायपुसणं कुठवर सरकवणार?

या वर्षी तुरी निघत होत्या, त्या आठवड्यात काका गेले. सकाळी परसात खाटेवर बसून साली चिरत होते. काकूंना चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. सगळी घाई होती त्यांना, तशीच हीही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सातव्या दिवशी विहारातच ठेवला, सकाळी दहा वाजता. मी आठ वाजता सतरंज्या टाकायला गेलो आणि फाटकातच थबकलो. आतून फिनाईलचा भपकारा येत होता. सचिव हातात पोछा घेऊन समाधानाने उभे होते. "आज काकाचा मोठा दिवस. म्हटलं चांगलंच करू. अख्खी बाटली टाकली."

मी फक्त म्हणालो, "सर, काकू."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. सवय म्हणून केलं होतं. चांगलं करायचं तर कडक करायचं, हे आपल्या सगळ्यांच्याच हाडात आहे. ते पोछा तिथेच टाकून म्हणाले, "आता?"

मी मागच्या दाराने काकांच्या परसात शिरलो. काकू आत नातेवाइकांत बसल्या होत्या. बरण्यांवर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. शंभर दिवसांवरची एक उचलली, रिठ्याचा डबा उचलला. तोवर सचिवांनी गल्ली गोळा केली होती. अकरा माणसं, सहा बादल्या, सगळे कार्यक्रमाच्या पांढऱ्या कपड्यांत. खिडक्या उघडल्या, तिन्ही पंखे सोडले. साध्या पाण्याने चारदा पुसलं, मग काकांच्या पाण्याने दोनदा. ज्या घरांनी काकांचा चहा बंद केला होता, त्यातली तिघं माझ्या शेजारी गुडघ्यांवर होती. सचिव दर पाच मिनिटांनी पालथे पडून फरशीला नाक लावायचे. "अजून हाय, अजून हाय." दहाला पाच मिनिटं असताना ते पुन्हा पालथे पडले आणि बराच वेळ उठले नाहीत. "आता थोडाच हाय," म्हणाले. मला विचाराल तर पाचातला एक हिस्सा तरी उरला होता.

काकू आल्या. मुलगी हात धरून होती. दारात त्या क्षणभर थांबल्या, आणि मी बघितलं, त्यांच्या नाकपुड्या हलल्या. आम्ही अकरा जण गुडघ्यापर्यंत ओले, रांगेने भिंतीला लागून उभे. त्यांनी आमच्याकडे बघितलं, ओल्या फरशीकडे बघितलं. मुलीचा हात सोडला आणि सरळ पुढे चालत गेल्या. दुसरी चटई, तिसरी चटई. अकरा फुटांवर थांबल्या नाहीत. रिकाम्या चटईवर जाऊन बसल्या, हात जोडले. सचिव वंदना सुरू करायला पुढे सरकत होते. ते जिथल्या तिथे खाली बसले.

काकूंनी सुरुवात केली. आवाज आधी जरा घोगरा, मग मोकळा. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो. आता खोकतील, पुढच्या शब्दाला खोकतील. सचिवांनी डोळे मिटून घेतले होते. तिसरी ओळ अर्ध्यात आली आणि त्या थांबल्या.

त्या मागे वळल्या आणि आम्हाला सगळ्यांना एका नजरेत घेऊन म्हणाल्या,

"काहून गप्प बसले सगळे? मी एकटीच म्हणून राह्यली कवाची. म्हणा नं!"